भयभार

बाई वाचली, हे आधीच सांगून टाकतो. पुढे जे घडलं, त्यात ही गोष्ट कुणाच्या लक्षातसुद्धा राहिली नाही.

मुरूडच्या समुद्रात ओहोटीची ओढ लागून ती आत गेली होती. इद्रिस सिद्दीने मागून तिच्या काखेत हात घातला तेव्हा ती जिवाच्या आकांताने त्याचं तोंड ओरबाडत होती. बुडणारं माणूस असंच करतं, जीवरक्षकाला त्याचं काही वाटत नाही. त्याने तिला वाळूवर आणलं, कुशीवर वळवलं, पाठीवर थापट्या मारल्या. शुद्धीवर आल्यावर तिने त्याचे दोन्ही हात धरले आणि "दादा, तुमच्यामुळे वाचले हो," म्हणून रडली. तिच्या नवऱ्याने तर पाया पडायचंच काय ते बाकी ठेवलं. मात्र तिच्या मनगटावरची निळी पट्टी तांबडी होऊन थरथरत होती, ती कुणाला थांबवता येत नव्हती. पट्टीने आपलं काम चोख केलं होतं. या बाईला मरणाची भीती वाटली, आणि त्या क्षणी तिच्या सर्वांत जवळचा पुरुष होता इद्रिस याकूब सिद्दी.

त्या पट्टीचं सरकारी नाव भयसाक्षी. ती का आली, हे सांगितल्याशिवाय पुढे जाणं अप्रामाणिकपणाचं होईल. वर्षानुवर्षं आपल्याकडे बाई बोलली की पहिला प्रश्न, तू तिथे गेलीसच का? दुसरा, इतके दिवस गप्प का बसलीस? बायका सांगून सांगून थकल्या आणि काही जिवानिशी गेल्या. मग कुणीतरी म्हणालं की बाईच्या शब्दावर विश्वास नाही ना, मग तिच्या शरीराला विचारा. भीती वाटली की घामाचा खारटपणा बदलतो, नाडी एका ठराविक लयीत चुकते, रक्तात काही द्रव्यं क्षणात वाढतात. हे तिन्ही एकत्र मोजलं तर भीतीचा ठसा मिळतो. त्याचं सोंग आणता येत नाही आणि तो दाबूनही ठेवता येत नाही. कायदा झाला. बारा वर्षांच्या पुढच्या प्रत्येक मुलीच्या मनगटावर पट्टी आली, पुरुषांच्या ओळखपत्रात चिप आली. पट्टी थरथरली की जवळच्या पुरुषाच्या नावावर नोंद. जवळ आलेल्या सगळ्या बायकांमागे अशा नोंदींची सरासरी म्हणजे त्या पुरुषाचा भयभार. भयभार मर्यादेपलीकडे गेला की त्याला 'अंतर' लागायचं. बायका जिथे राहतात किंवा काम करतात, तिथे त्याने यायचं नाही. मग ते त्याचं स्वतःचं घर का असेना.

पहिल्या दोन वर्षांत गुन्हे खरोखर कमी झाले. रोज मागे येणारे, शिकवणीच्या वर्गात अंगचटीला जाणारे, सुनेला कोंडून ठेवणारे, असे कितीतरी उजेडात आले. जे म्हणतात की हे सगळं पहिल्यापासून थोतांड होतं, त्यांनी त्या काळातल्या बायकांना विचारून बघावं.

मग निवडणुका आल्या, आणि निवडणूक आली की आपल्याकडे धड वस्तूचंसुद्धा काय होतं, ते काय सांगायचं! आमदार विश्वास मोकलांच्या सभेत व्यासपीठामागे जिल्ह्याचा नकाशा झळकू लागला. ज्या वस्तीतल्या पुरुषांचा भयभार जास्त, ती वस्ती लाल. सिद्दी मोहल्ला लाल, बांधकामावरच्या परप्रांतीयांचे तंबू लाल, माळावरची पारध्यांची पालं लाल. "आम्ही कुणाला नावं ठेवत नाही," आमदार हात जोडून म्हणायचे, "आमच्या आयाबहिणींचं शरीरच सांगतंय." टाळ्यांचा कडकडाट व्हायचा. लोकसेवेत असलेल्या मान्यवरांची नोंदच होत नाही, ही कायद्यातली सवलत मात्र सभेत कुणी काढत नसे.

तशी भीती सगळ्याच पुरुषांच्या मानेवर बसली होती. पुरुषांची चालसुद्धा बदलली. समोरून बाई आली की रस्ता ओलांडायचा, हात खिशाबाहेर ठेवायचे, जिन्यात खाकरून आपण आहोत हे आधी कळवायचं. बाप मुलीला उचलून घेताना आजूबाजूला बघायचा. पुरुष म्हटला की संशय, हे आता सभ्यपणाचं लक्षण झालं होतं. पण तोच संशय गोऱ्यागोमट्या, बऱ्या कपड्यातल्या माणसाच्या अंगावरून पाण्यासारखा ओघळून जायचा आणि काहींच्या अंगावर साचून राहायचा.

इद्रिसचे पूर्वज आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून आले त्याला काही शतकं लोटली होती. त्याची भाषा मराठी, जेवण तांदळाच्या भाकरीचं, शिव्या तर अस्सल मुरूडच्या. तरी पर्यटक त्याला थांबवून विचारायचे, "यू फ्रॉम नायजेरिया?" तो म्हणायचा, "नाय, बाजारपेठेच्या मागे राहतो." लोक हसायचे, तोही हसायचा. त्या बाईला वाचवलं त्याच्या दुसऱ्या दिवशी त्याचं ओळखपत्र नारिंगी झालं, आणि तेव्हापासून त्याचं हसणं बंद झालं. नारिंगी म्हणजे मर्यादा ओलांडली. सुनावणी होणार, आणि तिथे निकाल विरुद्ध गेला तर घर सोडायचं, कारण घरात बायको होती आणि सातवीत गेलेली, नुकतीच पट्टी मिळालेली मुलगी होती.

सुनावणीआधी त्याच्या दारात एक बाई आली. पन्नाशीची, केस पांढरे, पायात साध्या चपला.

"मी डॉक्टर हेमांगी केळुसकर. ही पट्टी ज्यांनी बनवली, त्यांच्यातली एक," ती म्हणाली. "इद्रिसभाई, तुमचा आलेख बघून मी चक्रावले आहे. इतकी टोकाची भीती मी फक्त खून होताहोता वाचलेल्या बायकांमध्ये पाहिली आहे. आणि तुमच्या नोंदींतल्या बायका थोड्या वेळाने तुमच्याच जवळ अगदी शांत होतात. असं कसं?"

इद्रिसने तिला समुद्र दाखवला. बुडणाऱ्या बाईच्या जवळ कोण असतो, ते सांगितलं. डॉक्टरबाई कपाळावर हात मारून ओट्यावरच बसली.

"भीती कशाची हे पट्टीला कळत नाही," ती म्हणाली. "ती फक्त जवळ कोण आहे ते बघते. आम्ही जीवरक्षकाचा विचारच केला नव्हता."

इद्रिसची बायको मेहरून चहा घेऊन आली. कप खाली ठेवताना तिने जरा जोरातच ठेवला. "मग अख्ख्या जगाच्या मनगटात बांधायच्या आधी करायचा होता ना विचार," ती म्हणाली.

"बरोबर आहे तुमचं," डॉक्टरबाई म्हणाली. ती कुठलीच सबब सांगत बसली नाही, म्हणून मेहरूनला तिचा आणखीनच राग आला.

तिथेच बसून डॉक्टरबाईने समुद्रातल्या सगळ्या नोंदी वजा केल्या. आकडा झपाट्याने खाली आला. इद्रिसची मुलगी सायमा बापाच्या खांद्यावरून डोकावत होती. "अब्बा, सुटलास," ती म्हणाली. पण आकडा मर्यादेच्या जरासा वर येऊन थांबला तो थांबलाच.

"हे काय उरलंय?" इद्रिसने विचारलं.

"हे किनाऱ्यावरचं. तुम्ही नुसते उभे होतात, कुणीतरी जवळून गेलं, आणि पट्टी हलली. अशा लहान लहान शेकडो नोंदी आहेत."

"मी तर कुणाकडे मान वर करून बघत पण नाही."

डॉक्टरबाईने सायमाला आत जायला सांगितलं. सायमा गेली, दाराच्या मागे उभी राहिली, आणि ती तिथे आहे हे सगळ्यांना ठाऊक होतं.

"कुणाला भ्यायचं हे मेंदू जन्मतः शिकून येत नाही," डॉक्टरबाई म्हणाली. "तो आजूबाजूला बघून शिकतो. फलकावर कुणाचा चेहरा लावलाय, आई कुणाला बघून हात घट्ट धरते, हे तो टिपत राहतो. भीती खरी असते, इद्रिसभाई. त्या बायका खोटं बोलत नाहीत. त्यांना खरंच भीती वाटते. पण ती तुम्ही काही केलंत म्हणून नव्हे, तुमच्याबद्दल त्यांना जे शिकवलं गेलं त्याची. त्यातून तुमचा भार वाढतो, वस्ती लाल होते, ते बघून पुढची बाई आणखी घाबरते."

"म्हणजे माझा रंग."

"रंग, आणि त्यात पुरुष असणं. तुमच्या बायकोचा रंग जवळपास तुमच्याइतकाच आहे. तिला कुणी भीत नाही, तिला फक्त बाजारात मागे उभं करतात."

मेहरूनने मान डोलावली. ते खरं होतं.

"आणि केदार?" इद्रिसचा आवाज चढला. केदार त्याच्या बरोबरीचा जीवरक्षक, गोरापान, हसरा, पोरी त्याच्यासोबत फोटो काढायच्या. त्याच्यामुळे टपरीवरच्या दोन मुली काम सोडून गेल्या होत्या. का गेल्या, हे अख्ख्या किनाऱ्याला ठाऊक होतं. "त्याचं कार्ड हिरवंगार आहे."

"त्या दोघींच्या नोंदी असतील, समुद्रातल्याही असतील. पण त्याच्या शेजारी हजार बायका खूश होऊन गेल्या. सरासरीत त्या दोघी बुडाल्या."

"मॅडम, हे यंत्र तुम्ही तपासलं होतं की नाही? माझ्यासारखा काळा माणूस कुणासमोर उभा केला होता?"

डॉक्टरबाईने चहाचा कप हातात नुसता धरून ठेवला. "केला होता. पुण्यातल्या कॉलेजच्या मुलींसमोर. त्यांना इतरांपेक्षा जास्त भीती वाटली. आम्ही म्हटलं, वा, यंत्र छान चालतंय."

मग ती स्वतःहून बोलू लागली. तिची धाकटी बहीण मधुरा. एका माणसाने तिचा पिच्छा पुरवला होता. ती चौकीत गेली, पुन्हा गेली, "मला भीती वाटते" एवढंच सांगत राहिली. भीती वाटते हा काही पुरावा नाही, असं तिला सांगण्यात आलं. पुढे काय झालं ते डॉक्टरबाईने सांगितलं नाही, आणि कुणी विचारलं नाही. "भीती हाच पुरावा ठरला पाहिजे, एवढंच तेव्हा मला दिसत होतं," ती म्हणाली. "आता हे सगळं मी मंत्रालयात लिहून दिलंय. निवडणुकीनंतर बघू म्हणतात. नकाशावर मतं मिळतायत, तो कोण उतरवणार?"

मात्र एक वाट होती. कायद्यात घरसाक्ष नावाची तरतूद होती. घरातल्या बायकामुलींच्या पट्ट्यांवर काही आठवडे खास नोंद ठेवायची. रोज सोबत राहणारीचं शरीर जर शांत असेल, तर तिची साक्ष रस्त्यावरच्या शंभर परक्या बायकांवर भारी. मेहरून आणि सायमा शांत राहिल्या की इद्रिस सुटला.

"मग प्रश्नच मिटला," मेहरून म्हणाली. "ह्यांना घाबरणार कोण? झुरळ निघालं तर मलाच हाक मारतात."

कित्येक दिवसांनी घरात हसू फुटलं.

नेमकी इथेच त्यांनी चूक केली, आणि ती केली मायेपोटी. नुसतं रोजच्यासारखं राहायचं सोडून ते तयारीला लागले. इद्रिस सिद्दी मोहल्ल्यातला सगळ्यात मोठ्या आवाजाचा माणूस. गल्लीच्या तोंडापासून "सायमा" म्हणून हाक मारत यायचा, पोरीला खांद्यावर टाकून गरगर फिरवायचा, चवड्यांवर येऊन मागून भो करायचा. ते सगळं त्याने बंद केलं. दाढी रोज करू लागला, पांढरे सदरे घालू लागला, कुजबुजल्यासारखं बोलू लागला. मेहरून सायमाला बजावायची, "अब्बा आले की शांत बसायचं हं. काही मनात आणायचं नाही. तुझ्यावर सगळं आहे."

बारा वर्षांच्या पोरीला हे सांगायचं. तिच्यावर सगळं आहे!

शाळेत आणखी वेगळं चाललं होतं. इद्रिस तिला आणायला गेला की फाटकापाशी मुलींच्या पट्ट्या एकामागून एक थरथरायच्या. मुली ओशाळून मनगट ओढणीआड, दप्तराआड धरायच्या. त्या काही दुष्ट नव्हत्या. एक तर सायमाची जिवाभावाची मैत्रीण होती, ती म्हणायची, "सॉरी गं, मला नाही कळत असं का होतं." सायमा बापाला बघितल्याबरोबर आधी आजूबाजूची मनगटं बघायला शिकली. मग घरीसुद्धा बापाची चाहूल लागली की तिची नजर आपल्या मनगटाकडे जायला लागली. हलेल का? हलली तर? आणि ती हलायची. ती पट्टीवर उशी ठेवून बसायची. आईला तिने सांगितलं नाही.

सुनावणी अलिबागला होती. निवाडा अधिकारी श्रीमती घरत या खरं तर मायाळू बाई. त्यांनी सायमासाठी लिंबू सरबत मागवलं, तिला आपल्या शेजारी बसवलं. डॉक्टरबाई इद्रिसच्या बाजूने बोलायला आली होती.

मेहरूनची साक्ष सपाट निघाली. शांत, कंटाळलेली म्हणावी इतकी शांत. मग पडद्यावर सायमाचा आलेख आला. रोज संध्याकाळी, बाप घरी येण्याच्या वेळी, एक उंच सुळका. रोज. मेहरून वळून सायमाकडे बघू लागली.

"मी नाही घाबरत अब्बाला," सायमा म्हणाली. तिचा आवाज स्पष्ट होता. "मी पट्टीला घाबरते. ती हलली तर अब्बाला नेतील म्हणून घाबरते."

डॉक्टरबाई उभी राहिली. "मॅडम, मुलगी सांगतेय ते अगदी शक्य आहे. एखाद्याची भीती आणि एखाद्यासाठी वाटणारी भीती, दोन्हींचा ठसा शरीरात एकच उमटतो. माझं यंत्र यातला फरक सांगू शकत नाही. तो फक्त ती मुलगी सांगू शकते, आणि ती सांगतेय."

श्रीमती घरतांनी मान हलवली. त्यांना वाईट वाटत होतं, ते दिसत होतं. "डॉक्टर, हा कायदा झाला तेव्हा विधिमंडळाच्या समितीपुढे तुम्हीच सांगितलं होतंत. घरातल्या दहशतीखालची मुलगी तोंडाने नाही म्हणते, म्हणून तिचं तोंड बघू नका, शरीर बघा. तेच आता नियमात आहे." मग त्या सायमाकडे वळल्या. "बाळ, तुला कुणी काही करणार नाही. खरं सांग."

"मी खरंच सांगतेय."

"पण तुझं शरीर वेगळं सांगतंय ना."

"मग मी खोटं बोलतेय का?" सायमाने विचारलं. तिने हे डॉक्टरबाईला विचारलं. डॉक्टरबाईने पडद्यावरच्या सुळक्यांकडे पाहिलं. मला भीती वाटते असं सांगणाऱ्या एका मुलीवर कुणी विश्वास ठेवला नाही, म्हणून तिने हे यंत्र बनवलं होतं. आता समोर एक मुलगी मला भीती वाटत नाही म्हणून सांगत होती, आणि या खोलीत तिचं कुणी ऐकत नव्हतं.

श्रीमती घरतांनी नियम वाचून दाखवला. शरीर भीती दाखवतं आणि मुलगी ती नाकारते, अशा साक्षीला 'दबलेली साक्ष' म्हणतात. तसं ठरलं तर मुलगी घरात दडपणाखाली आहे आणि आईही तिला वाचवू शकत नाही, असं धरलं जातं. मुलीला दोघांपासूनही काढून समुपदेशन वसतिगृहात ठेवतात, ती भीती कबूल करेपर्यंत. मुलीने कबूल केलं, किंवा बापाने केलं, तर फक्त बापाला अंतर लागतं. मुलगी आईजवळ राहते.

"मी कबूल करणार नाही," सायमा म्हणाली. ती बापाचीच पोर. हट्टाला पेटली की पेटली. "कितीही वर्षं ठेवा."

इद्रिसने तिच्याकडे पाहिलं. ही पोर खरंच वर्षानुवर्षं तिथे बसेल, रोज तेच सांगेल आणि रोज तिला सांगतील की तू खोटं बोलतेस. शेवटी एक दिवस तिला स्वतःलाच ते खरं वाटायला लागेल. तेव्हा तिच्याजवळ आईसुद्धा नसेल.

"ती घाबरते मला," इद्रिस म्हणाला.

मेहरूनने झटकन मान वळवली. "तुम्ही काय बोलताय?"

"मी कबूल करतो. घरात मी ओरडतो. अंगावर धावून जातो. आईला पण मारतो, ती सांगत नाही."

"अब्बा, तू कधी मारलंस?" सायमा उठून त्याच्याकडे आली. तिला वाटलं असावं, त्याचं काहीतरी चुकतंय, आपण हात धरला की तो ताळ्यावर येईल. "अब्बा, सांग त्यांना. असं कधी झालंच नाही."

तिने त्याचा हात धरला. हा हात तिने धरून ठेवला तर आपली कबुली कुणी खरी मानणार नाही, मायलेकींनाही तोडतील, हे त्याला कळत होतं. आयुष्यात कधी काढला नव्हता असा आवाज त्याने काढला.

"हात सोड. तुला काय आठवतंय? गप बस तिकडे, नाहीतर इथेच देईन एक."

आणि त्याने हात उगारला.

सायमाने त्याचा हात सोडला. ती एक पाऊल मागे गेली, मग आणखी एक, आणि जाऊन डॉक्टरबाईच्या मागे उभी राहिली. तिथून ती बापाकडे बघत होती, आणि बाप अजून हात खाली घेत नव्हता. तिच्या मनगटावरची पट्टी तांबडी झाली. या वेळी ती का झाली, हे कुणाला विचारायची गरज उरली नव्हती.